कुंदनने लिहिलेला अपघात

सुरतेच्या गोडादऱ्यातल्या आपल्या घराच्या ओट्यावर कुंदन सकाळी आठ वाजता कागद घेऊन बसला, आणि साडेनऊपर्यंत त्याने त्यावर फक्त तारीख घातली. ९ फेब्रुवारी १९९७, रविवार. तारीख मात्र देखणी होती. नऊची शेपटी सुद्धा अशी वळवलेली, की छापखान्यातून आणल्यासारखी वाटावी.

तारखेनंतर तो उठला. पाणी प्यायला. कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत जाऊन चहा न पिताच परत आला. बसला. पुन्हा उठला. सुंदराबाई, त्याची आई, दारात तांदूळ निवडत बसली होती. तिने चौथ्या खेपेला सूप खाली ठेवले.

"काय व्हयनं रे भाऊ? सकायपाईन नुस्तं आत-बाहेर चालू शे तुन्हं."

"जबाब लिखना शे, आई."

"मंग लिख ना! तुले का लिखता येत नई?"

गल्लीत लग्नाच्या पत्रिका आल्या की पाकिटांचा गठ्ठा नावे घालायला कुंदनकडे यायचा. गणपतीत मंडळाच्या फळ्यावर खडू फिरवायचा तो कुंदननेच. पलसाण्याच्या ज्या डाइंग मिलमध्ये तो लॅबला होता, तिथे रंगांचे नमुने चिकटवलेले जाडजूड रजिस्टर त्याच्याच हातचे होते. पार्टीवाले ते उघडायचे आणि कापडाआधी अक्षराकडे बघायचे. अशा माणसाला लिहिता येत नाही, हे आईला सांगायचे तरी कसे?

गोष्ट गुरुवारची होती. मिलमध्ये जिगर नावाचे मशीन असते. रंगाच्या हौदातून कापड एका रुळावरून दुसऱ्या रुळावर फिरत राहते, आणि हौदात वाफ सोडून पाणी तापवतात. त्या जिगरवर बळीराम होता. चाळिशीचा, पारोळ्याकडचा, कुंदनच्या गल्लीतलाच. वाफेचा कॉक मात्र खांबाच्या मागे. तिथे सिमांचल उभा असायचा, ओडिशातल्या गंजामचा. खांबामुळे दोघांना एकमेकांचे तोंड दिसत नसे, सगळा कारभार आवाजावर. त्या दिवशी कापडाला चुणी पडली. बळीरामने रूळ थांबवला, आरोळी दिली आणि चुणी काढायला हौदावर वाकला. त्याच क्षणी वाफ सुटली, पूर्ण. उकळता रंग उसळला आणि बळीरामचा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत भाजला. कुंदन नमुना जुळवायला आला होता, पाच पावलांवर उभा. त्याने बळीरामची आरोळी ऐकली होती, खांबामागचा सिमांचलही त्याला त्याच्या जागेवरून दिसत होता. सगळे पाहिलेला असा तो एकटाच.

शुक्रवारी मॅनेजर ठाकोरभाईंनी त्याला केबिनमध्ये बोलावले, खुर्ची दिली. आजवर खुर्ची दिली नव्हती.

"जो दीकरा, सोमवारे फॅक्टरी इन्स्पेक्टर आवे छे. तारो जबाब लेशे, तारा ज हाथे लखेलो. मराठीमां लख, वांधो नथी. पण आ ज लखजे."

त्यांनी एक कागद पुढे सरकवला. गुजरातीत चार ओळी होत्या. कारागीर बळीरामने सूचना न मानता चालू मशीनमध्ये हात घातला, दोष त्याचा स्वतःचा आहे, असा त्याचा अर्थ.

"पण बळीराम काका तर..." कुंदन म्हणाला.

"काका नहीं तो कोण? पेलो ओडियो?" ठाकोरभाईंनी शांतपणे विचारले. "कोईनुं नाम तो आववुं ज जोईए ने, भाई. जेनुं नाम आवशे ए घरे जशे. तारा अक्षर तो मोती जेवा छे. उतारी ले, बस."

उतारी ले. उतरवून काढ. हे शब्द कुंदनने आयुष्यात जितके ऐकले होते, तितके दुसरे कुठलेच ऐकले नसतील.

लिंबायतकडच्या मराठी शाळेत पहिलीपासून सातवीपर्यंत सुकदेव गुरुजींनी त्याला लिहायला शिकवले. शिकवले म्हणजे खरोखर शिकवले. गुरुजी मधल्या सुट्टीत डबा सोडायचे नाहीत, आधी साऱ्या वर्गाच्या वह्या बघायचे. कुणाचा 'ळ' लुळा, कुणाच्या 'क्ष'ला पोट नाही, हे त्यांना बाकावरच्या नावासकट पाठ. पहिलीत ते पाटीवर मोठे अक्षर काढून द्यायचे आणि पोरांनी त्यावर चिंचोके लावत जायचे. दुसरीत दुरेघी वही. चौथीत शाईचा पेन, आणि निब बिघडली तर स्वतःच्या खिशातली निब द्यायचे. आधी शब्दाची सगळी अक्षरे, मग एका दमात वरची रेघ. "रेघ मोडली म्हणजे शब्दाचं छप्पर गळालं," असे म्हणायचे. कुंदनचे छप्पर कधी गळाले नाही. पुढे आयटीआयला गुजराती लिहायची वेळ आली, तिथे अक्षरांवर रेघ नसते, पण याचा हात आपोआप वर जायचा. शेजारचा पोरगा हसायचा, "आ शुं, कपडां सूकववानी दोरी बांधी छे?"

अक्षर असे. आणि मजकूर? मजकूर गुरुजी फळ्यावर लिहून द्यायचे. गाईवरचा निबंध फळ्यावर, पोरांनी उतरवून काढायचा, पाठ करायचा, परीक्षेत तोच काढायचा. बावन्न पोरांच्या बावन्न वह्यांत एकच गाय, तिचे डोळे पाणीदार आणि शेपूट झुपकेदार. लिंबायतच्या गल्ल्यांतल्या गाई प्लॅस्टिक चघळत नाल्याकाठी बसलेल्या असायच्या, पण त्यांचा निबंधाशी संबंध नव्हता.

असाच एक निबंध होता, 'मी पाहिलेला अपघात'. गुरुजींचा मजकूर असा होता: सायंकाळची वेळ होती. रस्ता माणसांनी फुलून गेला होता. इतक्यात एका भरधाव मोटारीने एका सायकलस्वाराला धडक दिली. क्षणार्धात बघ्यांची गर्दी जमली. वर्गातल्या एकानेही तो अपघात पाहिला नव्हता.

कुंदनने दुसराच पाहिला होता. त्याचे वडील लोटू हे लूमवर होते. डबा द्यायला गेलेल्या कुंदनच्या डोळ्यांदेखत मागातला धोटा उडाला आणि वडिलांच्या तोंडावर बसला. सहावीत असताना, काय डोक्यात आले कोण जाणे, त्याने फळ्यावरचा निबंध सोडून तोच लिहिला. 'धोटा उडना आनि बाबाचे दोन दात पडनात.' गुरुजींनी ते वाक्य वर्गाला वाचून दाखवले. बाकीच्या साऱ्या पोरांची, ज्यांच्या प्रत्येकाच्या घरात अशीच अहिराणी बोलत होते, हसून हसून मुरकुंडी वळली.

"पडनात नाही, पडले," गुरुजी म्हणाले. रागावले नव्हते. काळजीनेच म्हणाले. "घरचं घरात बोलायचं. कागदावर शुद्ध लिहायचं. तू तर चांगला मुलगा आहेस ना?"

कुंदन चांगला मुलगा होता. त्यानंतर कागदावर त्याने कधी कुणाचे दात पडू दिले नाहीत.

आता रविवारी, तारखेखाली, त्याने एकदाचा पेन टेकवला. हात सरसर चालला. 'सकाळची वेळ होती. डाइंग खाते कामगारांनी फुलून गेले होते. इतक्यात...' इथे त्याने स्वतःच वाचले आणि कागद चुरगळून गटारीत टाकला. पायांत चपला सरकवल्या.

"आते कथा निंघना?" आईने विचारले.

"बळीराम काकाकडे."

बळीराम खाटेवर उशाला टेकून बसला होता. हाताला खांद्यापर्यंत पांढरे बँडेज. मंदा, त्याची बायको, त्याला वाटीने वरण पाजत होती आणि तो तोंड फिरवत होता.

"ये रे कुंदन. देख, तुन्ही काकू माले बाळ करी ठेवस."

"बाळ बरं, रडस तरी," मंदा म्हणाली. "हाई मानूस तीन दिन झाये, बोलसबी नई, रडसबी नई." मग कुंदनकडे न बघता तिने विचारले, "तुन्हा हाते लिखनार म्हने जबाब? काढी टाकतीन का यास्ले?"

कुंदन खाटेच्या कडेला बसला. "काका, त्या वखतले तुम्ही नेमकं काय म्हनं?"

"काय म्हननार? दम धर म्हनं. दोन डाव वरडनू, दम धर रे, दम धर! तरी त्यानी सोडं." बळीरामने दाराकडे बघितले. "तो वाईट मानूस नई शे. मन्हा हातवर पानी त्यानीच वतं. त्याले काय झायं, माले समजत नई."

मंदाने वाटी आपटून खाली ठेवली. "त्यान्ही काळजी करा तुम्ही! आपलं घर कोन चालाडी?"

परतताना कुंदन सरळ घरी आला नाही. दुपारच्या उन्हात उगाच रेल्वे फाटकापर्यंत चालत गेला, दोन मालगाड्या जाऊ दिल्या, परत फिरला. डोक्यात वाक्ये जुळायची आणि मोडायची. ठाकोरभाईंचे उतरवायचे नाही, एवढे ठरले होते. मग आपले काय लिहायचे? जे झाले ते. पण जे झाले ते कुठल्या शब्दाने सुरू होते, हे फळ्यावर कधी लिहून मिळाले नव्हते.

चार वाजता तो बसला आणि पाच वाजेपर्यंत पान पुरे केले. 'इतक्यात' नाही, 'फुलून' नाही. मशीन कुठे, खांब कुठे, कोण कुठे उभे होते. 'बळीराम यांनी रूळ थांबवून "थांब, थांब" असे मोठ्याने दोनदा सांगितले. त्यानंतर ते चुणी काढण्यासाठी वाकले. तेवढ्यात वाफ सुटली.' एकही खाडाखोड नाही. त्याने ते तीन वेळा वाचले. बळीराम काकांचा दोष नाही, हे स्पष्ट दिसत होते. सिमांचलबद्दल वाईट असा एक शब्दही नव्हता. मग बरे वाटायला हवे होते. वाटत नव्हते. जेवताना त्याचा घास हातातच राहिला, आणि कागदात नेमके काय खुपते आहे ते काही केल्या सापडेना.

सोमवारी दहा वाजता केबिनमध्ये इन्स्पेक्टर साहेब ठाकोरभाईंच्या खुर्चीत बसले होते आणि ठाकोरभाई पाहुण्यांच्या. साहेब मूळ बडोद्याचे, त्यांना मराठी वाचायला अडत नव्हते. बळीराम घरी, त्याचा जबाब त्यांनी आधीच त्याच्या घरी जाऊन घेतला होता; 'मी आवाज दिला' एवढेच त्यात होते. सिमांचल दारापाशी उभा होता. अंगात धुतलेला सदरा, केसांना तेल, जणू कुणाच्या लग्नाला निघालेला.

कुंदनचा कागद साहेबांनी वाचला. "अक्षर छान आहे हो तुमचं," ते म्हणाले. ठाकोरभाईंनी मान लांब करून कागदाकडे बघितले. देवनागरी त्यांना वाचता येत होती. चार ओळींतच त्यांना कळले की आपले काही उतरलेले नाही. पण ते रागावले नाहीत. त्यांची नजर एका शब्दावर थांबली.

"थांब, थांब," त्यांनी मोठ्याने वाचले. "साहेब, बे वखत थांब कह्युं. तोय आणे वाल्व खोल्यो. तो वांक कोनो?"

दोष कुणाचा, हे आता कुंदनच्याच कागदावरून ठरत होते.

साहेबांनी सिमांचलकडे वळून हिंदीत विचारले, "बळीराम ने रुकने को बोला. तुमने भाप क्यों छोड़ी?"

"रुकने को नहीं बोला, साब."

"ये लिखा है. थांब बोला."

"थांब हम जानता है, साब. तीन साल से सूरत में है, थांब हम जानता है." सिमांचल पुढे आला, मग घाबरून मागे सरकला. "थांब नहीं बोला. दम बोला. दम भर, दम भर. बॉयलरवाला रोज बोलता है, आज दम कम है, आज दम ज्यादा है. तो हम दम भर दिया, साब."

"जुठ्ठो," ठाकोरभाई म्हणाले. "लखेलुं छे सामे. नजरे जोनारे लख्युं छे." आणि त्यांनी कुंदनच्या पाठीवर थाप मारली, "आपणा मोती जेवा अक्षरवाळाए."

कुंदनला एकदम ऐकू आले. कालपासून जे सापडत नव्हते ते आता बळीराम काकांच्या आवाजात, मशीनच्या घरघरीवरून, जसेच्या तसे ऐकू आले. दम धर. खांबापलीकडे, वाफेच्या फुसफुसाटात, 'धर' आणि 'भर' यांत अंतर ते किती? आणि आपण काय केले? घरचे घरात ठेवले. कागदावर शुद्ध लिहिले. काकांच्या तोंडातला शब्द पुसून सभ्य शब्द बसवला, आणि त्या शब्दाबरोबर सिमांचलच्या बाजूचे जे काही होते ते सगळे पुसले गेले. काका वाचले होते. कुणाच्या नावावर, ते समोर उभे होते.

"साहेब," तो म्हणाला. "तो कागद मला परत द्या."

"का हो?"

"चुकीचा आहे."

"आखो?" ठाकोरभाई हसले. "शाबाश! पहेला खोटुं लख्युं, हवे साचुं लखशे?"

"एक शब्द चुकला. काका थांब नाही म्हणाले. दम धर म्हणाले."

"एटले शुं? दम धर एटले?"

"थांब."

ठाकोरभाईंनी दोन्ही हात वर केले. "एनो ए ज अर्थ! तो बदलवानुं शुं?"

"अर्थ तोच आहे. आवाज तोच नाही," कुंदन म्हणाला. हे वाक्य आपण बोललो याचे त्यालाच नवल वाटले. साहेबांनी क्षणभर त्याच्याकडे बघितले आणि कागद टेबलावर सरकवला.

"नवा कोरा घेऊन स्वच्छ लिहून आणता का? अर्धा तास देतो."

"हां, ए बराबर," ठाकोरभाई लगेच म्हणाले. "बाजुनी ऑफिसमां बेसीने निरांते लख. हुं आवुं छुं साथे."

बाजूच्या ऑफिसात काय होईल, हे कुंदनला दिसत होते. तिथे खुर्ची असेल, चहा असेल, चार ओळींचा दुसरा कागद असेल.

"नको. यातच करतो, इथेच."

त्याने 'थांब, थांब' आडवे खोडले. सवय नव्हती, रेघ वाकडी गेली आणि शाई फुटली. वर लिहिले, 'दम धर, दम धर'. समासात जागा करून लिहिले: 'दम धर म्हणजे थांब. आमच्या घरी असेच म्हणतात.' ते अपुरे वाटले. त्याखाली लिहिले: 'मिलमध्ये वाफेला दम म्हणतात. मशीनच्या आवाजात धर हे भर असे ऐकू येऊ शकते.' 'येऊ शकते' खोडून 'येते' केले, कारण त्याला आता ते तसेच ऐकू येत होते. 'मोठ्याने' खोडून 'ओरडून' केले. मग थांबून खाली आणखी लिहिले: 'खांबामुळे कॉकवाल्याला जिगरवाला दिसत नाही. तिथे घंटी नाही. हात भाजल्यावर पहिले पाणी सिमांचलने ओतले.' यातही 'पहिले पाणी' आधी 'सर्वप्रथम जल' असे पेनातून उतरले होते, तेही खोडले. ओळी चढल्या, उतरल्या. पानाची पार रया गेली.

साहेबांनी सगळे सावकाश वाचले. "खाडाखोड जिथं जिथं आहे, तिथं तिथं बाजूला सही करायची. नियम आहे. नाहीतर उद्या कुणी म्हणेल, दुसऱ्यानं बदललं."

कुंदन सह्या करत गेला. नऊ झाल्या. प्रत्येक सहीला ठाकोरभाईंचा श्वास नाकातून बाहेर पडत होता.

"बॉयलरवाल्याला बोलवा," साहेब म्हणाले. तो आला. काळाकुट्ट, हातात चिंधी. साहेबांनी विचारले, आज बॉयलर कसा आहे? तो बिचारा सरळ म्हणाला, "सुबह से दम नहीं है, साब. लकड़ी गीली है."

साहेबांनी आपल्या वहीत गुजरातीत काही ओळी लिहिल्या आणि ठाकोरभाईंना वाचून दाखवल्या: दोन्ही कामगारांचा दोष दिसत नाही, दोघांची नावे हजेरीवर राहतील, कॉक आणि जिगर यांच्यामध्ये पंधरा दिवसांत विजेची घंटी बसवावी. मग त्यांनी कुंदनचा कागद घडी न घालता फाइलमध्ये ठेवला आणि चहा न पिताच गेले.

जीप गेटबाहेर पडल्यावर ठाकोरभाई कुंदनला म्हणाले, "आवती कालथी लॅबमां नहीं. फोल्डिंगमां जजे. त्यां लखवानुं नथी होतुं." आवाज चढवलेला नव्हता. रजिस्टर त्यांनी स्वतःच्या कपाटात ठेवले आणि किल्ली फिरवली.

कुंदन बाहेर आला. तीन वर्षे लॅबमध्ये गेली होती. आईला काय सांगायचे, ते त्याला अजून सुचत नव्हते. त्यातच समासातले एक वाक्य अजून नीट झाले नाही असेही वाटत होते. 'आमच्या घरी' नको होते, 'आमच्या बोलीत' हवे होते. की घरीच बरोबर?

सिमांचल भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. तो उठला.

"क्या लिखा, भाई? मेरा नाम काटा?"

"नहीं काटा. तेरा भी नहीं, काका का भी नहीं. वो दम धर बोला था. दम धर माने रुको."

सिमांचलने ते दोनदा तोंडातल्या तोंडात म्हणून बघितले. मग त्याचा चेहरा विस्कटला, रडू की हसू ते कळेना.

"दम धर माने रुको? कैसा लोग है तुम्हारा! रुकने को ऐसा कौन बोलता है?"

"हमारे घर में सब बोलते हैं," कुंदन म्हणाला, आणि फोल्डिंग खात्याला कुठल्या दाराने जायचे ते विचारायला गेटकडे निघाला.